पेशीच्या आतली नाकाबंदी

एचआयव्ही या विषाणूचा सगळा आनुवंशिक मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा. तुमच्या हातातला हा लेखसुद्धा त्याहून लांब आहे. एवढ्या मजकुरात नऊ जनुकं बसवलेली. तीन जनुकं विषाणूचं शरीर आणि त्याची अवजारं घडवतात, दोन जनुकं बाकीचा मजकूर कधी आणि किती वाचला जावा हे बघतात. उरली चार: विफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांना या चौघांचं काय करावं ते कळेना. प्रयोगशाळेत त्यांतलं एखादं मोडून टाकलं तरी काही पेशींमध्ये विषाणू मजेत वाढायचा. म्हणून त्यांना 'साहाय्यक' जनुकांच्या खात्यात टाकलं गेलं. म्हणजे असली तर बरं, नसली तरी अडत नाही. इतका काटकसरी विषाणू निम्म्याच्या जवळपास जनुकं उगाच वागवत असेल, हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं.

काहींना ते खटकलंही. विशेषतः विफच्या बाबतीत. कारण विफ मोडलेला विषाणू कुठे वाढायचा आणि कुठे नाही, याचं गणित फार विचित्र होतं. सीईएम नावाच्या पेशी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीच्या रक्तातून १९६० च्या दशकात वेगळ्या काढून वाढवलेल्या. त्यांचाच एक पोटवंश म्हणजे सीईएम-एसएस. दोन्ही पेशी एकाच मुळातल्या, सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच. पण विफ नसलेला एचआयव्ही सीईएम-एसएसमध्ये बिनदिक्कत वाढायचा आणि सीईएममध्ये मात्र पार नापास व्हायचा. त्यातही गंमत अशी की सीईएममधून विषाणू बाहेर पडायचे, संख्येनेही भरपूर, दिसायलाही ठाकठीक. ते पुढच्या पेशीत शिरले की मात्र त्यांच्या हातून काही घडत नसे. म्हणजे खोट एका पेशीत घातली जात होती आणि तिचा परिणाम दुसऱ्या पेशीत दिसत होता.

याचे दोन अर्थ निघू शकत होते. एक तर सीईएम-एसएसमध्ये विफची उणीव भरून काढणारं काहीतरी आहे, किंवा सीईएममध्ये विषाणूला नडणारं काहीतरी आहे आणि विफ एरवी त्याचा बंदोबस्त करतो. १९९८ मध्ये दोन गटांनी याचा निकाल लावला तो अगदी सरळ युक्तीने: दोन प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून एकच पेशी बनवायची. मदतनीस असेल तर जोडपेशीत विषाणू वाढेल. अडवणारा असेल तर वाढणार नाही. विषाणू वाढला नाही. अडवणारा कोणीतरी होता.

तो सापडायला २००२ उजाडलं. मायकेल मलिम यांच्या प्रयोगशाळेत ॲन शीही यांनी दोन्ही पेशींत वाचली जाणारी जनुकं ताडून पाहिली आणि सीईएममध्ये आहे पण सीईएम-एसएसमध्ये नाही असं एक जनुक वेगळं काढलं. ते सीईएम-एसएसमध्ये घातल्याबरोबर त्या पेशीही विफ नसलेल्या विषाणूला दाद देईनाशा झाल्या. या जनुकाचं आजचं नाव अपोबेक-३जी.

त्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. एचआयव्हीचा मजकूर असतो आरएनएमध्ये, आणि पेशीत शिरल्यावर तो त्याची डीएनए प्रत बनवतो. अपोबेक-३जीचे मोजकेच रेणू, विषाणू तयार होत असतानाच, त्याच्या पोटात शिरून बसतात. विषाणू पुढच्या पेशीत जाऊन डीएनएचा पहिला धागा लिहायला घेतो, आणि तो धागा अजून एकेरी आहे तेवढ्यात हे रेणू त्यावरून फिरून सायटोसिन या अक्षराचं युरासिल करून टाकतात. त्या धाग्यासमोर दुसरा धागा लिहिला जातो तेव्हा युरासिलसमोर ग्वानिनऐवजी ॲडेनिन बसतं. अखेर हाती येणाऱ्या मजकुरात जिथे 'जी' हवं तिथे 'ए' दिसायला लागतं, आणि तेही एखाद्या ठिकाणी नव्हे, शेकडो ठिकाणी.

आता यातला खरा घाव. अपोबेक-३जीला एकटं सायटोसिन फारसं आवडत नाही. लागोपाठ दोन असली की तो त्यावर तुटून पडतो. अंतिम मजकुरात त्या जागा म्हणजे 'जीजी'. आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लासाठीचा एकमेव शब्द आहे 'टीजीजी'. त्यातलं मधलं अक्षर बदललं तर 'टीएजी', शेवटचं बदललं तर 'टीजीए', दोन्ही बदलली तर 'टीएए'. जनुकांच्या भाषेत 'इथे थांबा' म्हणणारे शब्द तीनच आहेत, आणि ते नेमके हेच तीन. म्हणजे विषाणूच्या मजकुरात जिथे जिथे ट्रिप्टोफॅन येतं, तिथे तिथे वाक्य अर्ध्यात तोडण्याची सोय झाली. प्रथिनं अर्धवट राहतात आणि विषाणूची ती पिढी तिथेच संपते.

विफ यावर काय करतो? तो अपोबेक-३जीशी स्वतः झटापट करत नाही. पेशीत निकामी प्रथिनांना युबिक्विटिनची खूण लावून ती मोडीत काढण्याची एक कायमची व्यवस्था असते. विफ एका हाताने अपोबेक-३जीला धरतो आणि दुसऱ्या हाताने ती खूण लावणाऱ्या यंत्रणेला बोलावून आणतो. त्यासाठी तो सीबीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन पळवतो, ज्याचं रोजचं काम रक्तपेशींमधली जनुकं चालू-बंद करण्याशी निगडित आहे आणि ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. खूण लागली की पेशी आपल्याच पहारेकऱ्याला आपल्याच हाताने मोडीत काढते. नवे विषाणू बाहेर पडतात ते अपोबेकविना, निर्धास्त.

सीईएम-एसएसमध्ये मुळात पहारेकरीच नव्हता, म्हणून तिथे विफ बिनकामाचा दिसला. ही चूक एकट्या एचआयव्हीच्या अभ्यासात झालेली नाही. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या पेशी निवडल्याच जातात त्यांत विषाणू छान वाढतो म्हणून, म्हणजे नकळत आपण नाकाबंदी नसलेलाच रस्ता निवडतो आणि मग गाडीतल्या कागदपत्रांचा उपयोग काय असं विचारतो.

उंदरांच्या बाबतीत हाच प्रकार आधी घडून गेला होता. स्विस संशोधक ज्याँ लिंडेनमन यांचं नाव बहुतेकांना माहीत असतं ते इंटरफेरॉनमुळे. १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की उष्णतेने निकामी केलेल्या इन्फ्लुएंझा विषाणूशी गाठ पडलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या ऊती एक पदार्थ बाहेर सोडतात, आणि तो पदार्थ इतर पेशींना विषाणूपासून वाचवतो. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हात लावत नाही. तो शेजारच्या पेशींना खबर देतो, आणि त्या पेशी शेकडो जनुकं जागी करतात. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच लिंडेनमन यांच्या ध्यानात आलं की 'ए-टू-जी' नावाच्या वाणाचे उंदीर, बाकीचे उंदीर हमखास मरतील एवढा इन्फ्लुएंझाचा डोस देऊनही मरत नाहीत. कारण निघालं एकच जनुक, एमएक्स-१. इंटरफेरॉनच्या खबरीवर जागं होणारं. प्रयोगशाळांतल्या बहुतेक वाणांमध्ये ते मोडलेलं होतं. रानातल्या उंदरांमध्ये मात्र धडधाकट. म्हणजे इन्फ्लुएंझा या आजाराचा केवढा तरी अभ्यास जगभर ज्या उंदरांवर झाला, त्यांच्यात इन्फ्लुएंझाविरुद्धचं मुख्य हत्यारच नव्हतं.

माणसातला त्याचा भाऊबंद म्हणजे एमएक्सए. पक्ष्यांमधले इन्फ्लुएंझा विषाणू त्याच्यापुढे बऱ्याच अंशी ढेपाळतात. माणसांत स्थिरावलेले विषाणू मात्र आपल्या आतल्या एका प्रथिनात बदल करून त्याला चुकवायला शिकलेले असतात. चीनमध्ये 'एच७एन९' बर्ड फ्लू झालेल्या रुग्णांची जनुकं तपासली तेव्हा त्यांच्यात या एमएक्सएचे दुबळे, एरवी विरळ असलेले प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. कोंबड्यांच्या बाजारात हजारो माणसं रोज वावरतात आणि आजारी मोजकीच पडतात, त्याचं निदान एक कारण इथे आहे.

आता ऱ्हिसस माकडांकडे वळू. आपल्या उत्तर भारतात देवळाच्या पायऱ्यांपासून रेल्वे फलाटापर्यंत सगळीकडे दिसणारं हे माकड जगभरच्या वैद्यकीय प्रयोगांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. १९७८ मध्ये भारताने माकडांची निर्यात बंद केली, पण त्याआधी परदेशी गेलेल्यांच्या वंशजांवर आजही संशोधन चालतं. एड्सची साथ आल्यावर साहजिकच या माकडांना एचआयव्हीची लागण करून बघितली गेली, म्हणजे लस आणि औषधं त्यांच्यावर तपासता येतील. लागण टिकेना. विषाणू माकडाच्या पेशीत शिरायचा व्यवस्थित. दाराचं कुलूप उघडत होतं. आत शिरल्यावर काही तासांत, डीएनए प्रत पुरी व्हायच्या आधीच, सगळं थंड.

२००४ मध्ये मॅथ्यू स्ट्रेम्लाऊ आणि जोसेफ सोद्रॉस्की यांच्या गटाने बोस्टनमध्ये याचा कर्ता शोधला: ट्रिम-५ अल्फा. एचआयव्हीचा मजकूर शंकूच्या आकाराच्या कवचात असतो. एकाच प्रथिनाच्या हजार ते दीड हजार प्रती षट्कोनांत रचून हे कवच बनतं, आणि ते दोन्ही टोकांना मिटावं म्हणून नेमके बारा पंचकोन. एकटा ट्रिम-५ अल्फा या प्रथिनाला जेमतेम चिकटतो. पण त्याचे रेणू एकमेकांना धरून स्वतःचंही षट्कोनी जाळं विणतात, आणि कवचावरच्या नक्षीशी ते जाळं जुळलं की शेकडो कमकुवत पकडी मिळून घट्ट पकड होते. कवच वेळेआधी उलगडतं, मजकूर उघडा पडतो, शिवाय पेशीत धोक्याची घंटाही वाजते. शत्रूच्या अंगावरच्या एखाद्या खुणेला न ओळखता त्याच्या बांधणीच्या भूमितीला ओळखायचं, ही कल्पना मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी वाटते. प्रतिपिंडांना हे जमत नाही असं नाही, पण ते पेशीबाहेर फिरतात. हे चालतं पेशीच्या आत, लागणीच्या पहिल्या तासाभरात.

ट्रिम-५ अल्फा माणसातही आहे. पण एचआयव्ही-१ त्याला फारशी भीक घालत नाही. फरक किती? आपल्या प्रथिनातल्या ३३२ व्या जागी आर्जिनिन आहे. ते काढून तिथे माकडासारखं प्रोलिन बसवलं, की माणसाचा ट्रिम-५ अल्फासुद्धा एचआयव्हीला बऱ्यापैकी अडवतो. एका अमिनो आम्लाचा प्रश्न. एड्सने आजवर चार कोटींहून अधिक माणसं नेली हे लक्षात घेतलं तर या आर्जिनिनचा राग येणं स्वाभाविक आहे. ते तिथे आलं कसं?

सिॲटलमधल्या फ्रेड हचिन्सन केंद्रात मायकेल एमरमन आणि हरमीत मलिक यांनी २००७ मध्ये यावर एक धाडसी उत्तर मांडलं. (मलिक हे आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनिअर, जनुकांच्या आपसांतल्या कुरघोड्यांकडे नंतर वळलेले.) चिंपांझी आणि गोरिला यांच्या डीएनएमध्ये एका नामशेष विषाणूच्या शंभरहून अधिक प्रती पडलेल्या आहेत, माणसाच्या डीएनएमध्ये एकही नाही. काही दशलक्ष वर्षांपूर्वी आपल्या चुलत भावंडांकडे तो घुसला, आपल्याकडे मात्र नाही. या गटाने त्या विषाणूच्या अवशेषांवरून त्याचं कवच पुन्हा जुळवून बघितलं. माणसाच्या ट्रिम-५ अल्फाने त्याला अडवलं. पण ३३२ व्या जागी बदल करून तोच ट्रिम-५ एचआयव्हीविरुद्ध समर्थ केला, तर तो या जुन्या विषाणूपुढे हतबल ठरला. म्हणजे एका जुन्या लढाईसाठी घासून घेतलेलं हत्यार नव्या लढाईत बोथट निघालं, असा त्यांचा तर्क. पुढच्या काही प्रयोगांनी या निष्कर्षावर शंका घेतली आहे, त्यामुळे तो छातीठोकपणे सांगू नये. पण एका गोष्टीवर वाद नाही: वेगवेगळ्या माकडांची आणि वानरांची ही पहारेकरी जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर बदल सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. विषाणूशी जिथे अंगाला अंग लागतं, त्या थोड्याशा जागांवरच ते दाटीवाटीने झालेले दिसतात. अपोबेक-३जीमध्येही तसंच, आणि ही चढाओढ एचआयव्हीच्या कुळाहूनही जुनी आहे.

हे अंगाला अंग लागणं किती नेमकं असतं, याचा दाखला पुन्हा विफचाच. अपोबेक-३जीच्या १२८ व्या जागी माणसात ॲस्पार्टिक आम्ल आहे, आफ्रिकेतल्या हिरव्या माकडात लायसिन. पहिल्यावर ऋण विद्युतभार, दुसऱ्यावर धन. एवढ्यावरून एचआयव्हीचा विफ त्या माकडाच्या अपोबेकला धरू शकत नाही आणि त्या माकडाच्या विषाणूचा विफ आपल्या अपोबेकला. २००४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी हे एक अमिनो आम्ल अदलाबदल करून बघितलं; दोन्हीकडचा निकाल उलटा झाला. प्राण्याचा विषाणू माणसात का येतो किंवा का येत नाही, याबद्दल आपण जंगलतोड, बाजार, वटवाघळं अशा मोठ्या शब्दांत बोलतो. ते खरंही आहे. पण शेवटचा निर्णय कित्येकदा अशा एका भारावर होतो.

यात जनुकांची चोरीमारीही भरपूर. दक्षिण अमेरिकेतल्या घुबड माकडात सायक्लोफिलिन नावाच्या एका साध्या घरगुती प्रथिनाच्या जनुकाची प्रत उडी मारून थेट ट्रिम-५च्या जनुकात जाऊन पडली. सायक्लोफिलिन एचआयव्हीच्या कवचाला मुळातच चिकटतं. त्याला ट्रिमचं जाळं जोडलं गेल्यावर एक नवंच, जबरदस्त अडवणारं प्रथिन तयार झालं. हा अपघात आशियाई माकडांत स्वतंत्रपणे पुन्हा घडला, आणि भारतीय वंशाच्या ऱ्हिसस माकडांपैकी काहींत तो प्रकार सापडतो. उंदरांतलं एफव्ही-१ तर याहून वरताण: रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूंना अडवणारं हे जनुक मूळचं एका प्राचीन विषाणूचंच, उंदराच्या डीएनएमध्ये अडकून पडलेलं आणि मग घरच्यांच्या बाजूने कामाला लावलेलं.

व्हीपीयूची कथा मात्र वेगळ्या वळणाची आहे. व्हीपीयू मोडलेला एचआयव्ही काही पेशींमध्ये पूर्ण तयार होतो, पेशीच्या पृष्ठभागापर्यंत येतो, आणि तिथेच थांबतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत विषाणूंचे घोसच्या घोस पेशीच्या बाहेरच्या अंगाला दाव्याने बांधलेल्या गुरांसारखे खोळंबलेले दिसतात. ते दावं म्हणजे टेदरिन. २००८ मध्ये स्टुअर्ट नील आणि पॉल बीनियाझ यांनी ते ओळखलं. इंटरफेरॉनची खबर आली की ते आणखी तयार होतं.

टेदरिनची दोन्ही टोकं पटलात रुतणारी असतात. विषाणू पेशीतून बाहेर पडतो तो पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगावर गुंडाळून. त्या गडबडीत टेदरिनचं एक टोक विषाणूच्या अंगावरच्या पटलात जातं आणि दुसरं पेशीत राहतं. झालं, विषाणू अडकला. बीनियाझ यांच्या गटाने पुढच्याच वर्षी एक खोडकर प्रयोग केला. टेदरिनशी काही नातं नसलेल्या तीन प्रथिनांचे तुकडे जोडून त्यांनी फक्त तशीच ठेवण असलेलं एक बनावट टेदरिन तयार केलं. अक्षरओळखीपुरतंही साम्य नाही. त्यानेही विषाणू अडवला.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. टेदरिन विषाणूचं काहीच ओळखत नाही, त्यामुळे विषाणूने स्वतःला कितीही बदललं तरी उपयोग नाही. अंगावरचं पटल पेशीचं, ते तो कसं बदलणार? इन्फ्लुएंझा एमएक्सएला वेश पालटून चुकवतो, तशी सोय इथे नाही. टेदरिनला वाटेतून हटवणं हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी वेगळं प्रथिन बाळगावंच लागतं. एचआयव्ही-१मध्ये ते काम व्हीपीयू करतो.

पण नेहमी तोच करत असे असं नाही. एचआयव्ही-१ आपल्याकडे आला चिंपांझींकडून, आणि चिंपांझींमधला विषाणू टेदरिनला हटवतो नेफच्या साहाय्याने. नेफ टेदरिनची पेशीच्या आत लोंबणारी शेपटी पकडतो. माणसाच्या टेदरिनच्या शेपटीत नेमकी तिथलीच पाच अमिनो आम्लं गळालेली आहेत. म्हणजे चिंपांझीचा विषाणू माणसात आला तेव्हा नेफच्या हाताला धरायला काही लागेना. हा विषाणू वानरांकडून माणसांत किमान चार वेळा स्वतंत्रपणे आला. त्या चार गटांना एम, एन, ओ आणि पी म्हणतात. एन आणि पी मोजक्याच रुग्णांत सापडले, ओ बराचसा पश्चिम-मध्य आफ्रिकेपुरता राहिला. जगभर पसरला तो एम. आणि माणसाच्या टेदरिनला हटवण्याचं काम व्हीपीयूकडे सोपवून ते सफाईने करायला शिकलेला गटही एमच. १९८६ मध्ये चेन्नईत सुनीती सॉलोमन यांच्या चमूने भारतातली पहिली लागण नोंदवली; आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा 'सी' उपप्रकार याच एम गटातला.

केवळ टेदरिनमुळे साथ आली असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बेल्जियन काँगोतली वाढती शहरं, नदीवरची आणि रेल्वेची वाहतूक, एकाच सुईने अनेकांना दिली जाणारी इंजेक्शनं, हे सगळं नसतं तर एम गटाचं कौशल्य दहा-वीस गावांत विरून गेलं असतं.

या लढाईत विषाणूचं भांडवल दोन प्रकारचं असतं: प्रचंड संख्या आणि चुका करण्याची मुभा. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूवरचा २०१२ चा एक प्रयोग यासाठी बघावा. आपल्या पेशीत पीकेआर नावाचं प्रथिन आहे. विषाणूची चाहूल लागली की ते पेशीतलं सगळं प्रथिन-उत्पादनच बंद पाडतं. व्हॅक्सिनियाकडे त्यावर दोन तोडगे असतात. नेल्स एल्डे, ॲडम गेबॉल आणि मलिक यांनी त्यांतला चांगला तोडगा काढून घेतला आणि विषाणूला माणसाच्या पेशींत फेऱ्यांमागून फेऱ्या वाढायला लावलं. उरलेला तोडगा, के३एल नावाचं जनुक, माणसाच्या पीकेआरपुढे लंगडाच. काही फेऱ्यांतच विषाणू सुधारला. कसा, तर त्याने त्या लंगड्या जनुकाच्याच प्रतींवर प्रती काढल्या. एकाने भागत नाही तर पाच ठेवू, दहा ठेवू. मजकूर फुगला तरी चालेल. आणि प्रती वाढल्या की त्यांतल्या एखाद्या प्रतीत उपयोगी चूक होण्याची शक्यताही वाढते. तशी ती झाली, एका अमिनो आम्लाची. त्यानंतर जादा प्रती गळून पडू लागल्या. ज्या जीवाचा मजकूर फारसा बदलत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याने डोळ्यांदेखत हा हिशेब केला.

मग आपल्या पेशी ही हत्यारं अधिक धारदार का करत नाहीत? कारण ती घरातच चालवायची असतात. अपोबेक-३ कुळात माणसाकडे सात जनुकं आहेत, उंदराकडे एकच. त्यांतली काही अधूनमधून पेशीच्या स्वतःच्या डीएनएवर चालतात, आणि गर्भाशयमुख, मूत्राशय व स्तन यांच्या अनेक कर्करोगांत त्यांच्या ठरावीक साच्यातल्या खुणा सापडतात. प्रयोगशाळेत देखणं वाटणारं हत्यार शरीरात इतकं स्वस्त पडत नाही.

या खुणांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला आहे. २०२२ मध्ये मंकीपॉक्सची साथ पसरली, जुलैमध्ये केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचं निदान पक्कं केलं. साधारण दोन लाख अक्षरांचा हा डीएनए विषाणू एरवी वर्षाला एखाद-दुसरं अक्षर बदलतो. २०२२ च्या विषाणूत मात्र २०१८ च्या तुलनेत चाळीसहून अधिक बदल होते, आणि जवळजवळ सगळे अपोबेकच्या साच्यातले. विषाणूने ते केलेले नव्हते. माणसाच्या पेशींनी ते त्याच्यावर ओरखडले होते. उंदीर-खारींच्या कुळातल्या प्राण्यांत असताना अशा खुणा त्याच्यावर दिसत नाहीत. त्या खुणा मागे मोजत जाऊन संशोधकांनी दाखवलं की हा विषाणू २०१६ च्या सुमारापासून माणसाकडून माणसाकडे फिरत होता, म्हणजे जगाला जाग यायच्या आधी सहा वर्षं.

औषधांच्या बाजूने बघितलं तर विफला रोखणारं औषध बनवण्याचे प्रयत्न २००२ पासून चालू आहेत. दवाखान्यापर्यंत एकही पोचलेलं नाही. विफ आणि अपोबेक यांच्यातली पकड सपाट आणि पसरट आहे, तिथे लहानशा रेणूला शिरायला फट मिळत नाही. कवचाच्या बाजूने मात्र यश आलं. लेनाकापाविर हे औषध एचआयव्हीच्या कवचातल्या षट्कोनांच्या जोडावर जाऊन बसतं आणि कवच बांधलं जाणं व योग्य वेळी उलगडणं, दोन्ही बिघडवतं. ट्रिम-५ची नक्कल करून ते बनवलेलं नाही, पण बोट ठेवलं आहे त्याच रचनेवर, आणि त्याचं कारणही तेच: ही रचना बदलून निसटणं विषाणूला महागात पडतं. औषधाला चुकवणारे बदल कवचात होतात, पण ते झालेले विषाणू सहसा अशक्त निघतात. सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचायचं हे औषध दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या तरुणींना लागण टाळण्यासाठी देऊन बघितलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झालेली नव्हती.